गुडगुडीची पारख

वाचकहो, यंदाच्या मालेसाठी मी गुडगुडी हा विषय निवडला, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटेल. मी जैन घरातला. आमच्याकडे तंबाखू उंबऱ्याच्या आत येत नसे. सप्तव्यसनांच्या जुन्या यादीत तिचे नाव नाही, कारण ती यादी झाली तेव्हा तंबाखू आपल्या देशात आलीच नव्हती. पण घरातल्या वडीलधाऱ्यांनी आठवे व्यसन म्हणून तिला केव्हाच त्या पंक्तीत बसवले होते. पुढे होमिओपॅथीचा व्यवसाय करताना खोकल्याने पिळवटलेल्या छात्या रोज ऐकल्या, तेव्हा त्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे मला अधिकच पटले.

तरीही हा विषय घेतला, त्याला कारण माझी एक जुनी चूक आहे. सुमारे 35 वर्षांपूर्वी मल्हारगंजातल्या एका वाड्यात मी आजारी आजींना पाहायला जात असे. जिन्याच्या वळणावर कोनाड्यात एक काळे, गोलसर, जड भांडे होते. त्यात कोणी उदबत्तीच्या काड्या खोचून ठेवल्या होत्या. एके दिवशी आजींनी विचारले, "डॉक्टर, हे काय असेल हो? आमच्या मामंजींच्या वेळचं आहे." मी ते उचलले, तोंडाशी वास घेतला आणि म्हणालो, "आजी, हे हुक्क्याचं बूड आहे. तंबाखूची घाण ती, कशाला ठेवता घरात?" आठ दिवसांनी गेलो तेव्हा कोनाडा रिकामा होता. डॉक्टरांचा शब्द घरात मानला जात असे. भांडे भंगारात, वजनाच्या भावाने गेले होते.

त्या भांड्यावर चांदीची लहान लहान झाडे होती, एवढे मला आठवत होते. ती झाडे खसखशीची होती आणि ते भांडे बिदरी कामाचे होते, हे कळायला मला हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातल्या काचेच्या कपाटापुढे उभे राहावे लागले. मी माणसाची प्रकृती तपासायला गेलो होतो आणि एका वस्तूवर न तपासता निदान ठोकून आलो होतो. जैन परंपरेत चुकीची उजळणी करून ती मागे घेण्याला प्रतिक्रमण म्हणतात. हा लेख त्या अर्थाने वाचावा.

आता मूळ विषयाकडे येऊ. गुडगुडीची पारख करणे हे काम तंबाखूइतकेच जुने आहे, किंबहुना उत्तरेत तंबाखूची पहिली ठळक नोंद जी मिळते, तीच एका पारख्याची आहे. अकबराचा सरदार असद बेग विजापूरला इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी गेला होता. आदिलशहाची कन्या शहजादा दानियालसाठी आणण्याची कामगिरी त्याच्याकडे होती. तेथे त्याने तंबाखू पाहिली. हिंदुस्थानात आपण असे काही पूर्वी पाहिले नव्हते, असे तो लिहितो. 1604च्या सुमारास परतताना त्याने बादशहासाठी ती आणली आणि तिच्यासोबत ओढण्याचे साहित्यही तयार करून घेतले. त्याचे वर्णन तो किती बारकाईने करतो पाहा. नळी अचीनची, तीन हात लांब, उत्तम वाळवलेली व रंगवलेली. तिच्या दोन्ही टोकांना रत्ने व मीनाकाम. तोंडात धरायचा भाग येमेनी अकीकाचा, लंबगोल. आणि विस्तव ठेवण्याचे पात्र सोन्याचे. लाकूड कुठले, वाळवले कसे, जोड कशाचा, तोंडाला काय लागते, हे चारही प्रश्न आजचा जाणकारही याच क्रमाने विचारील.

पुढे जे घडले ते मला वैद्य म्हणून विसरता येत नाही. अकबराने दोनचार झुरके घेतले आणि दरबारच्या हकिमाने हरकत घेतली. हे औषध आपल्या ग्रंथांत नाही, त्याचे गुणधर्म कोणी तपासलेले नाहीत, तेव्हा बादशहाने ते घेऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. असद बेगने उलट युक्तिवाद केला की फिरंग्यांनी ते वापरून पाहिले आहे आणि प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीनच असते. त्या दिवशी वाद असद बेगने जिंकला. बादशहाने स्वतः ती सवय लावून घेतली नाही, पण सरदारांना ती जडली, व्यापाऱ्यांनी माल आणला आणि थोड्याच वर्षांत तंबाखू सर्वत्र झाली. 1617मध्ये जहांगिराने बंदीचा हुकूम काढला, तो कागदावरच राहिला. हकीम दरबारात हरला आणि चार शतकांनी बरोबर ठरला. पण अकीकाची ती मूठ घडवणारा कारागीरही आपल्या जागी बरोबरच होता. या दोन गोष्टी एकत्र धरता येणे यालाच मी पारख म्हणतो.

हुक्का अकबराच्या दरबारातल्या हकीम अबुल फतह गिलानीने शोधला, असे आपण पुष्कळदा ऐकतो. पण गिलानी 1589मध्ये वारला आणि असद बेगची तंबाखू त्यानंतर पंधरा वर्षांनी आली; तेव्हा ही कथा जपून घ्यावी. धूर पाण्यातून ओढण्याची युक्ती नारळाच्या करवंटीपासून सुरू झाली असावी, असे शब्दच सांगतात. फारसीतला नारगिल हा शब्द आपल्या नारिकेलाचाच भाऊबंद आहे. मराठीने मात्र वस्तूच्या बुडबुडणाऱ्या आवाजावरूनच तिचे नाव ठेवले.

गुडगुडीचे अवयव चार. खाली पाण्याचे भांडे, त्याला जाणकार फर्शी म्हणत, त्यात घट्ट बसणारा उभ्या नळ्यांचा जुडगा, तो नैचा, त्यावर चिलीम, आणि ओढणाऱ्याच्या हातात येणारी नळी, तिच्या टोकाला मुहनाल. चिलमीत तंबाखू गुळाबरोबर मळून भरत. हीच गुडाखू. तिच्यावर निखारे. नैच्याची एक नळी पाण्यात बुडलेली असते, दुसरी पाण्याच्या वर असते. दुसरीने हवा ओढली की भांड्यातला दाब कमी होतो आणि धूर पहिल्या नळीतून पाण्यात उतरून बुडबुडत वर येतो. सारा खेळ सांध्यांचा आहे. एक सांधा जरी हवा घेऊ लागला तर चांदीने मढवलेला हुक्काही मुका होतो. म्हणून जुना जाणकार नक्षी पाहण्याआधी रिकाम्या हुक्क्याच्या चिलमीच्या जागेवर तळहात दाबून झुरका घेई. हवा आली नाही तर सांधे ठीक. पहिली परीक्षा कामाची, मग रूपाची.

नैचे लाकडाचे व वेताचे, ते कुजले. नळ्या कापडाने मढवलेल्या, त्या विरल्या. मातीच्या चिलमी फुटल्या. आपल्या जुन्या घरांतून उरले असेल तर बहुधा एकटे बूडच उरले आहे, आणि त्यातही सर्वांत जास्त ओळख चुकते ती बिदरीची. म्हणून यापुढे तिच्याविषयीच सांगतो.

बिदर आपल्याला परके नाही. उदगीर, जेथे 1760मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवले, ते 1956पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. आजही भालकी-औरादकडे मराठी घरोघर बोलली जाते. बिदरी काम बहमनी काळात इराणी कारागिरांनी आणले अशी परंपरा आहे. हाती असलेल्या जुन्या वस्तू मात्र सतराव्या शतकापासूनच्या आहेत, आणि त्यांत हुक्क्याची बुडे सर्वाधिक ठळक. तंबाखूने या कलेला मोठे गिऱ्हाईक मिळवून दिले, हे अप्रिय वाटले तरी खरे आहे.

या कामाचा धातू म्हणजे जस्त, त्यात थोडे तांबे. साधारण सोळा भागांना एक. जस्त हा मोठा अवघड धातू. 907 अंश सेल्सियसला त्याची वाफ होते, त्यामुळे उघड्या भट्टीत ते धुरासारखे निसटून जाते. मेवाडात उदयपूरजवळ जावर येथे आपल्या लोकांनी बंद मुशी उलट्या बसवून ती वाफ खाली उतरवून थंड करण्याची रीत युरोपाच्या कितीतरी आधी बसवली होती.

बिदरचा कारागीर या धातूचे भांडे साच्यात ओततो, कानशीने गुळगुळीत करतो आणि मोरचुदाचे पाणी लावून तात्पुरते काळे करतो. त्या काळ्यावर टोचणीने नक्षी काढली की रेघ पांढरी दिसते. मग ती रेघ छिन्नीने कोरायची, खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा आणि पुन्हा घासायचे. घासल्यावर तो तात्पुरता काळा रंग निघून जातो. पांढऱ्या चांदीभोवती पांढरटच जस्त उरते आणि एवढा खपून केलेला वेल जवळजवळ दिसेनासा होतो. शेवटी भांडे तापवून बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती व नवसागर यांचे मिश्रण त्यावर चोळतात. जस्त काळे होते, चांदीला काही होत नाही. एका क्षणात काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे उमटावीत तशी नक्षी वर येते. वर तेलाचा हात फिरवला की काम संपले. ही रीत आजही चालू आहे. बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023मध्ये पद्मश्री मिळाली.

एवढे समजले की पारख निम्मी झाली. उरलेली निम्मी हातात भांडे घेऊन करायची. आपल्या घरात असे काही असेल तर या क्रमाने पाहा.

आधी आकार पाहा. बूड चेंडूसारखे गोल असेल आणि चुंबळीशिवाय उभे राहत नसेल, तर घडण जुनी. सतराव्या शतकापासून अठराव्याच्या मध्यापर्यंत हा आकार चालत होता. त्यानंतर घंटेसारखा, खाली पसरट आणि आपल्या पायावर उभा राहणारा आकार रूढ झाला. आकारावरून नेमके वर्ष सांगता येत नाही आणि जुने आकार नंतरही घडवले गेले. पण विचाराला दिशा मिळते. मानेकडे लक्ष द्यावे. चांगल्या कामात पोटाचा फुगवटा मानेत अडखळल्याशिवाय मिळतो आणि मानेवरचा कंगोरा सगळीकडे सारखा भरतो.

मग वजन पाहा आणि पोचे शोधा. ही मिश्रधातू ठिसूळ असते. पितळ किंवा तांबे पडले तर पोचा येतो. बिदरी पडली तर तडकते, टवका उडतो. काळ्या भांड्याला खोल पोचा असेल तर ते बहुधा रंग दिलेले पितळ किंवा तांबे आहे. मानेजवळची तड मात्र खऱ्या भांड्यावरही नेहमी सापडते, कारण नैचा दाबून बसवताना सगळा ताण तिथेच येई.

तिसरी गोष्ट बोटाने पाहायची. डोळे मिटून नक्षीवर बोट फिरवा. उत्तम कामात चांदी कुठे संपली आणि जस्त कुठे सुरू झाले हे बोटाला कळत नाही. मात्र लखनौकडच्या काही कामात नक्षी मुद्दाम उंच ठेवलेली असते, तिला दोष समजू नये. बिदरी हे नाव गावाचे असले तरी काम हैदराबाद, लखनौ, पूर्णिया, मुर्शिदाबाद येथेही होत असे. जिथे चांदी गळून गेली आहे तिथे भिंग धरा. खाली कोरलेली खाच दिसली तर काम खरे. खाच नसेल तर वर नुसता रंग आहे. म्हणजे गळलेली तार ही दुखण्याची जागा असते आणि सत्य सांगणारी जागाही तीच असते. रोग्याच्या बाबतीतही आम्ही असेच शिकतो.

चौथी परीक्षा मला सर्वांत आवडते. गोल पोटाभोवती एकसारखी झाडे काढायची म्हणजे आधी हिशेब लागतो. घेर किती, झाड किती रुंद, दोहोंत अंतर किती. हिशेब चुकला तर शेवटचे झाड दोन शेजाऱ्यांत चेंगरते किंवा त्याच्या बाजूला उगाच फट राहते. भांडे हळूहळू फिरवा आणि झाडे मोजा. सुरुवात कुठे झाली हे सापडले नाही, तर तो हात मोठ्या कारागिराचा. झाडे गोलाव्यावर वाकडी न होता वरच्या बाजूला किंचित निमुळती होत गेली असतील, तर आणखी मोठ्या.

पाचवी गोष्ट आतली. भांड्यात डोकावून पाहा. पाण्याच्या पातळीची पांढरट रेघ, जुन्या धुराचा वास, मानेच्या आतली झीज या खुणा असतील तर ते वापरातले भांडे. काहीच नसेल तर ते शोभेचे असू शकते. लंडनच्या 1851च्या प्रदर्शनात बिदरी काम मांडले गेले आणि पुढे हुक्का मागे पडला, तरी साहेबलोकांच्या दिवाणखान्यांसाठी अशी कामे घडत राहिली. वापराची खूण किंमत कमी करते असे मानू नका; ती वस्तूचे चरित्र असते.

हे सारे इंदूरच्या वाचकांना मी का सांगतो आहे? आपली बहुतेक जुनी मराठी घरे होळकरांच्या मागोमाग माळव्यात आली. 1801मध्ये सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटले, जाळले. 1818च्या मंदसोरच्या तहानंतर येथे राजधानी आली आणि पुन्हा घडी बसली. म्हणजे या शहरात जे जुने टिकले ते आधीच थोडे. हुक्का त्या काळी केवळ व्यसन नव्हता, तो व्यवहार होता. कोणासमोर हुक्का ठेवायचा, कोणाची नळी कोणी तोंडाला लावायची, यात मान आणि जात दोन्ही मोजली जात. आपण वाळीत टाकणे म्हणतो, माळव्यात हुक्का-पाणी बंद म्हणतात. ज्या वस्तूवरून माणसाला समाजाबाहेर काढत, ती वस्तू समाजाचा दाखला असणारच. कंपनीच्या साहेबांनाही हे वेड होते. 1779मध्ये हेस्टिंग्जच्या घरच्या आमंत्रणात पाहुण्यांना एका हुक्केबरदाराखेरीज दुसरा नोकर आणू नये अशी सूचना होती. पुढे चिरूट, बिडी आणि सिगारेट आली. चार नोकरांचे काम काडीपेटीने केले आणि हुक्का कोनाड्यात गेला.

आज वाडे उतरत आहेत. वाटणीत जागा मोजली जाते, भांडी तोलली जातात. बर्तन बाजारात पितळ पितळाच्या भावाने जाते. जस्ताला तर तोही भाव नाही. बिदरीचे बूड वजनावर विकले, तर कारागिराचे महिने आणि घराच्या दोन पिढ्या काही रुपयांत गेल्या असे समजावे. म्हणून विनंती एवढीच की, काळे जड भांडे दिसले तर आधी वर सांगितले तसे पाहा. चिंच, राख किंवा पितळ घासण्याची भुकटी त्याला लावू नका. त्याचा काळा रंग मळ नव्हे, ते त्याचे काम आहे आणि घासून गेले तर घरी परत आणता येत नाही. मऊ कोरडे फडके आणि कधीतरी खोबरेल तेलाचा पुसटसा हात पुरे. आणि घरात जे ज्येष्ठ आहेत त्यांना विचारून, भांडे कोणाचे, कुठून आले, हे कागदावर लिहून भांड्यातच ठेवा. कारागिराने आपले नाव सहसा लिहिले नाही. निदान मालकाचे तरी हरवू नये.

यावरून कोणी पुन्हा हुक्का पेटवावा असा अर्थ काढू नये. पाण्याने धूर गाळला जातो हा समज खोटा आहे. पाणी धूर थंड करते, म्हणून तो अधिक खोल आणि अधिक वेळ ओढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2005मध्ये सांगितले होते की तासाभराच्या हुक्क्यात एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर ओढला जातो. आज गोड वासाच्या हुक्क्यापुढे बसणाऱ्या तरुण मुलांना हे घरातूनच सांगितले पाहिजे. अकबराच्या हकिमाची बाजू मी आजही सोडलेली नाही.

पण त्या दिवशी मल्हारगंजात मी हकिमाची बाजू घेताना कारागिराला शिक्षा केली. दोष धुराचा होता, भांड्याचा नव्हता. आजी आता नाहीत, वाड्याच्या जागी चार मजली इमारत आहे. ते भांडे वितळले असेल, किंवा एखाद्या जाणत्या माणसाच्या हाती लागून वाचलेही असेल. मी फक्त एवढे करू शकतो की, आपल्या कोनाड्यात जे अजून आहे त्याच्याकडे आपण उचलून, फिरवून, झाडे मोजून एकदा पाहावे, असे आपल्याला सांगावे.